मनगटाखालची उशी

मी उशी बोलतेय. डोक्याखालची नव्हे, मनगटाखालची. वैद्यासमोर बसलं की रोगी ज्यावर हात टेकवतो ती. लांबीला वीतभर, जाडीला मुठीएवढी, अंगावर निळं सुती कापड. पोटात काय भरलंय तेही सांगते, पण नाक मुरडू नका. रेशीमकिड्यांच्या वाळवलेल्या लेंड्या आहेत. आमच्याकडे त्या औषधात चालतात, आणि उशीत भरल्या की हाताखाली गार लागतात.

मला शिवलं माझ्या मालकिणीच्या, शी बाईंच्या आईनं. तिच्या घरी तुतीची बाग होती, दरवर्षी किडे पाळायची. मुलगी वैद्यकीचं शिक्षण पुरं करून पहिल्या नोकरीवर निघाली, तेव्हा म्हातारीनं लेंड्या धुतल्या, तीन दिवस उन्हात घातल्या, चाळल्या आणि माझ्यात भरल्या. "ही ने. आजारी माणसाचा हात लाकडावर ठेवू नकोस," एवढंच बोलली. माझ्या जन्माची कथा इथेच संपते.

पहिली पंधरा वर्षं मी तालुक्याच्या दवाखान्यात काढली. हजारो मनगटं अंगावरून गेली. चहाच्या मळ्यातली, भट्टीवरची, बाळंतिणींची, मरायला टेकलेल्यांची. शी बाईंची तीन बोटं वरून टेकायची, आधी हलकी, मग जरा दाबून, मग अगदी हाडापर्यंत. मी खालून सगळं ऐकायची.

आमच्या लोकांची एक खोड तुम्हाला सांगायलाच हवी. वैद्यासमोर बसले की हात पुढे करतात आणि गप्प बसतात. काय होतंय, कधीपासून होतंय, काही म्हणून सांगत नाहीत. वैद्य खरा असेल तर बोटांनीच ओळखेल, असं त्यांचं म्हणणं. शी बाईंच्या डोक्यात तिडीक जायची.

"अहो, मी काय ज्योतिषी आहे? कुठं दुखतंय ते सांगा की!"

"तुम्हीच सांगा, बाई. मी सांगितलं तर मग तुमची विद्या कसली?"

"माझी विद्या राहू दे बाजूला. तोंड आहे ना तुम्हाला? उघडा."

लोक हसायचे आणि मग बोलायचे. बाईंचं निम्मं निदान त्या बोलण्यातच व्हायचं. पण बहुतेक वैद्यांना ती गप्प बसलेली माणसंच आवडायची. नाडी पाहताना खोलीत कुणी खोकललं तरी ते डोळे वटारायचे.

पुढे बाईंना आन्हुई प्रांतातल्या एका कॉलेजात शिकवायला बोलावलं. विषय जुने ग्रंथ. अठराशे वर्षांपूर्वीच्या एका वैद्याची शेकडो कलमं. अमुक लक्षणं, तमुक नाडी, त्यावर हा काढा. वाक्यं इतकी आखूड की एक शब्द इकडचा तिकडे झाला तर औषध बदलतं. तिसऱ्या वर्षाची मुलं ती आकड्यांनिशी पाठ करायची. खानावळीच्या रांगेत पाठ, जिन्यात पाठ, दात घासताना पाठ. परीक्षेत वाक्यातला एक शब्द गाळलेला असायचा आणि मुलं तो भरायची. पास व्हायची. आजारी माणूस मात्र चौथं वर्ष उजाडेपर्यंत कुणी जवळून पाहिलेला नसायचा.

बाईंना हे सहन होईना. खूप वर्षं त्या कुरकुरत राहिल्या. शेवटी निवृत्तीला चार वर्षं उरली असताना त्यांनी कॉलेजकडून चाळीस मुलांच्या एका गटासाठी एका सत्राची परवानगी काढली. नियम एकच होता, पुस्तक शेवटी उघडायचं. आधी खरा आजारी माणूस वर्गात येणार. कधी खानावळीतला सर्दी झालेला आचारी, कधी फाटकावरचा पहारेकरी, कधी पलीकडच्या इस्पितळातला कुणी राजी झालेला रोगी. त्याचा हात माझ्यावर. मुलांनी एकेक करून बोटं ठेवायची, त्याला काय वाटेल ते विचारायचं आणि काय लागलं ते चिठ्ठीवर लिहायचं. मग चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या आणि त्यानंतर कलम.

पहिल्याच दिवशी काय फजिती! एकाच आचाऱ्याच्या हातावर चाळीस चिठ्ठ्या आल्या. कुणी लिहिलं नाडी तरंगतेय, कुणी लिहिलं खोल बुडालीय, एकानं तर गरोदर बाईची नाडी लिहून ठेवली. आचारी पोट धरून हसला. रुईछिंग नावाच्या मुलीनं लिहिलं होतं, 'मला माझ्याच बोटांची धडधड लागतेय, त्याची लागतच नाही.'

"चाळिसातली ही एकटी खरं बोलली," बाई म्हणाल्या. "इथून पुढं शिकता येतं."

त्या सत्रात मी म्हातारपणी पुन्हा तरुण झाले म्हणा. सहा-सात आठवड्यांत मुलांची बोटं बदलली. रुईछिंगची तर फारच. पाठांतरात ती पार मागे, कलमाचा आकडा विचारला की तिची पाचावर धारण बसायची. पण हात हातात घेतला की ती बघायची, वास घ्यायची, नखं पाहायची, घरच्या माणसाला बोलतं करायची.

पाठांतरात पहिला होता थिंगवेन. त्याला बरं-वाईट म्हणायला माझं मन धजत नाही. त्याची आई बाजारात टोफू विकायची आणि त्याच्या गावाला वैद्यच नव्हता. सबंध ग्रंथ त्याला उलटसुलट पाठ होता. तीन लक्षणं सांगा, तो आकडा सांगायचा. बाईंच्या वर्गाला दोनदा आला. बोटं छान होती, गरम आणि कोरडी. मग यायचा बंद झाला.

"अरे, हात चांगला आहे तुझा. आणखी दोन महिने दे मला," बाई त्याला व्हरांड्यात म्हणाल्या. मी त्यांच्या पिशवीत होते.

"स्पर्धा झाली की देतो, बाई. नक्की."

ही स्पर्धा म्हणजे कॉलेजची दुसरी सुधारणा. डीन क्वान यांची. ग्रंथपठणाची स्पर्धा, मोठा मंच, गणवेश, घंटी, पडद्यावर गुण. सत्र संपल्यावर डीननी बाईंना बोलावून घेतलं.

"शी बाई, एकशेवीस मुलं, एक मनगट, पंचेचाळीस मिनिटं. कसं जमवायचं तुम्हीच सांगा."

"चाळीस-चाळीसचे तीन गट करा म्हणून मी तीनदा लिहून दिलं."

"आणि शिक्षक कुठून आणू? मूल्यमापन समिती पुढच्या वर्षी मार्चमध्ये येतेय. त्यांना काय दाखवू? तुमच्या त्या चिठ्ठ्या?"

"चिठ्ठ्याच दाखवा. पोरांना काय येत नाही ते त्यात स्वच्छ लिहिलंय."

"तेच तर दाखवायचं नसतं हो, बाई!"

डीन वाईट माणूस नव्हते. बाईंसाठी त्यांनी चहाही मागवला होता. पण बाईंचा वर्ग बंद झाला. ते तास स्पर्धेच्या तयारीला गेले. म्हणजे आता ही मुलं आजारी हाताला हात न लावता बाहेर पडणार, आणि बाहेर पडल्यावर जो पहिला माणूस समोर येईल त्याच्यावर शिकणार. मला तेव्हाच भीती वाटली होती.

जुलैत कॉलेजचं पथक डोंगरातल्या थाओक्वान गावी मोफत तपासणीला निघालं. आठ मुलं, सोबत तरुण व्याख्याते ल्याओ सर. मुलं निवडली स्पर्धेच्या गुणांवरून. रुईछिंगचा नंबर नव्वदच्या खाली, तिला कोण नेणार? शी बाईंनाही कुणी विचारलं नाही. त्यांनी मला थिंगवेनच्या हातात दिलं.

"तिथं लाकडी बाकं असतात. ही ने. आणि लक्षात ठेव, पुस्तक शेवटी."

"हो, बाई."

गावच्या शाळेत बाकं मांडली होती. रांग दारापासून विहिरीपर्यंत. सकाळभर बरं चाललं. गुडघे, आंबट ढेकर, झोप न येणं. थिंगवेन आकडे सांगायचा, ल्याओ सर मान डोलवायचे, शेजारची मुलगी वहीत उतरवायची. गावकरी कौतुकानं बघायचे. ल्याओ सर मधूनमधून कॉलेजच्या अहवालासाठी फोटो काढत होते.

दुपारी दागन नावाच्या माणसानं आपल्या आईला पाठुंगळी आणलं. छ्यू आजी, वय शहात्तर. पाच दिवस ताप होता, आता अंगात त्राण नव्हतं. लोकांनी वाट दिली. तिला बाकावर बसवलं आणि तिचा उजवा हात माझ्यावर आला. हात बर्फासारखा गार होता.

थिंगवेनची तीन बोटं वरून टेकली. हलकी. मग दाबून. मग हाडापर्यंत. वर काहीच नव्हतं.

आणि खाली, माझ्या पोटावर, घणाचे घाव पडत होते.

तुम्हाला नीट सांगते. काही माणसांची नाडी मनगटाच्या आतल्या बाजूनं जातच नाही. ती वळसा घालून मागच्या बाजूनं जाते. आजार नव्हे, जन्माचीच तशी. हजारांत थोडी असतात, पण असतात. मी पंधरा वर्षांत अशी कितीतरी ऐकली होती. शी बाईंना वर काही लागलं नाही की त्या पहिल्यांदा हात पालथा करायच्या.

छ्यू आजीची नाडी माझ्यावर आपटत होती. जोरकस, भरलेली, भराभर. आत आग पेटलेल्या माणसाची नाडी. आग खोलवर कोंडली की कधी कधी हातपाय गार पडतात. म्हातारी विझत नव्हती, आतून जळत होती.

थिंगवेननं डावा हात घेतला. तोही माझ्यावर आला. तोही मागूनच वाजत होता.

"पाणी," आजी म्हणाली. "गार पाणी दे रे."

दागननं शेजाऱ्याच्या हातातली बाटली घेतली. ती घटाघटा प्यायली आणि पुन्हा म्हणाली, "गार."

मला वाटलं, आता तरी हा विचारेल. बाईंच्या वर्गातला कुणीही इथं थांबला असता. ज्याच्या आत थंडी भरलीय तो माणूस गार पाणी मागत नाही, पोट साफ झालंय का विचार, तोंडाला वास येतोय का बघ! पण थिंगवेनचे ओठ हलायला लागले होते. हातपाय गार, गुंगी, नाडी जवळजवळ नाही. तीन लक्षणं जुळली होती. आकडा आला होता.

दागन पुढे वाकला. "डाक्टर, आईची नाडी जरा..."

"शू!" ल्याओ सर म्हणाले. "नाडी बघताना बोलायचं नसतं. त्यांना एकाग्र होऊ द्या."

दागननं मान खाली घातली. मोठ्या कॉलेजची माणसं. तो गप्प बसला.

थिंगवेननं आकडा सांगितला, पाठोपाठ सबंध कलम म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही. रांगेतला एक म्हातारा "वा!" म्हणाला. ल्याओ सरांनी जीभ दाखवायला सांगितली. आजीनं जेमतेम टोक बाहेर काढलं. सरांनी सही केली. बचनाग आणि सुंठ. विझत्या माणसाला परत पेटवणारं औषध. पथकाच्या पेटीत ते तयार होतं. शाळेच्या चुलीवर काढा उकळला आणि दागननं आईला चमच्या-चमच्यानं पाजला.

मला तोंड असतं तर मी किंचाळले असते. तिचा हात माझ्यावरून उचलला तेव्हाही खाली ठोके तसेच पडत होते.

संध्याकाळी तिच्या नाकातून रक्त आलं. अंगावरचे कपडे ती ओढून फाडायला लागली. पथकाच्याच गाडीतून तिला तालुक्याला नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, आम्ही सामान बांधत असताना, फोन आला की आजी गेली.

परतीच्या बसमध्ये थिंगवेनच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत मी. वाटभर त्यानं ती दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती.

पाचव्या दिवशी दागन कॉलेजात आला. विभागाच्या खोलीत डीन, ल्याओ सर, शी बाई, थिंगवेन, सगळे होते. पथकाच्या पिशवीतून काढलेलं सामान टेबलावर होतं, त्यात मीही. मला वाटलं हा माणूस टेबल उलथवेल. तो आवाजही न चढवता बोलला.

"आमच्या गावात जुना वैद्य होता. तो वारला. तो आईचा हात असा पालथा करायचा." त्यानं स्वतःचा हात टेबलावर ठेवून उलटा केला. "तिची नाडी मागून आहे. दोन्ही हातांची. मी तेच सांगत होतो. हे साहेब म्हणाले, बोलायचं नसतं."

ल्याओ सरांनी जमिनीकडे पाहिलं. शी बाईंनी डोळे मिटून घेतले. थिंगवेननं स्वतःचा हात पालथा करून पाहिला.

पुढे जे होतं ते झालं. घरच्यांशी समझोता झाला. अहवालात लिहिलं की रोगी वयस्क होती, उशिरा आणली गेली, आणि विद्यार्थ्यांचा जुन्या ग्रंथांचा पाया कच्चा आहे. पाया कच्चा, म्हणून पाठांतराला आणखी चाळीस कलमं वाढवली. ग्रंथांच्या विषयाच्या प्रमुख शी बाई, म्हणून जबाबदारीही त्यांच्यावर आली. ल्याओ सरांची बदली दुसऱ्या विभागात झाली. बाईंनी कागदावर सही केली आणि निवृत्ती घेतली. त्यांना मुदतपूर्व निवृत्तीचा निरोप समारंभही मिळाला, फळांची टोपली आणि टाळ्या.

थिंगवेन बाईंच्या घरी आला तो सप्टेंबरात. रुईछिंग त्याला जवळजवळ ओढतच घेऊन आली होती. तो निम्म्यानं वाळला होता. बाईंनी भाताची पेज आणि खारवलेल्या भाजीची वाटी पुढे ठेवली. त्यानं हात लावला नाही. मी टेबलावर होते. तो माझ्याकडे बघायचं टाळत होता.

"मी हे वर्ष सोडतोय, बाई. वैद्यकीच सोडतोय."

"घाई करू नकोस. बस. माझा हात बघ."

बाईंनी मनगट माझ्यावर ठेवलं. थिंगवेननं हात पुढे केला. बोटं मनगटापासून इंचभर वर येऊन थांबली. ती खाली येईनात.

"नाही जमत. परवा आईचा हात घेतला तेव्हाही असंच झालं. बोट टेकवलं की वाटतं, आत काहीच नाहीये. मग पालथा करतो, तिथंही नाही असं वाटतं."

रुईछिंगला राहवलं नाही. "पण तुला एवढंही माहीत नव्हतं? नाडी मागून जाऊ शकते हे?"

थिंगवेननं तिच्याकडे पाहिलं.

"माहीत होतं. दुसऱ्या वर्षी पेपरात होतं. 'मनगटाच्या पाठीमागून वाहणाऱ्या नाडीस काय म्हणतात?' गाळलेली जागा, दोन मार्क. मी बरोबर लिहिलं होतं."

बाईंनी हात माझ्यावरून काढून घेतला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. त्या महिन्यात तो गावी गेला. आईबरोबर टोफूच्या गाड्यावर उभा राहतो असं रुईछिंगनं नंतर सांगितलं. सबंध ग्रंथ अजून त्याला पाठ आहे म्हणे.

आता माझं. मूल्यमापन समिती येणार म्हणून कॉलेजनं व्हरांड्यात काचेचं कपाट केलंय. डीननी शी बाईंकडे मला मागितलं. बाई म्हणाल्या, "न्या. माझ्याकडे आता कोण हात घेऊन येतंय?" माझ्यासमोर पाटी आहे. 'नाडीपरीक्षेचं पारंपरिक साधन. विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष सरावात वापर.' समितीनं ती वाचली, फोटो काढला आणि चांगला शेरा दिला. कपाटाची किल्ली कुठे आहे कुणास ठाऊक.

समोरून मुलं पाठ करत फिरतात. हातात फोन, ओठ हलताहेत. ऊन पडतं त्या बाजूचं माझं कापड विटून पांढरं झालंय. आतलं सारण भुगा होत चाललंय. माझे फार दिवस राहिलेले नाहीत, आणि त्याचं मला दुःखही नाही. छ्यू आजीनंतर माझ्यावर टेकलेल्या हाताची नाडी कुणी पाहिलेली नाही. तिचे ते ठोके अजून माझ्या अंगात आहेत.

तुमच्याकडेही वैद्य आहेत, कॉलेजं आहेत, जुने ग्रंथ आहेत, पाठ करणारी हुशार मुलं आहेत. त्यांना ग्रंथ जरूर शिकवा. पण आधी एकदा आजारी माणसाचा हात हातात द्या. आणि तपासताना शेजारचा कुणी साधा माणूस काही सांगायला वाकला, तर त्याला गप्प बसवू नका.

मला त्या दिवशी तोंड नव्हतं. दागनला होतं.